दहा फुटी फीडर रॉड: लहान तळ्यांवरच्या आठ महिन्यांनंतर

गेल्या मार्चच्या अखेरीस दहा फुटांचा, दोन तुकड्यांत जोडायचा फीडर रॉड, म्हणजे दोऱ्याला चारा भरलेले वजन (फीडर) लावून फेकायचा गळाचा दांडा, मी विकत घेतला आणि नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवारी तो वापरला. मी लेस्टरमध्ये राहते. शहरातून मार्केट हार्बरोच्या बाजूला निघाले की मेंढ्यांच्या कुरणांमध्ये खोदलेली, मासे मुद्दाम आणून सोडलेली लहान तळी लागतात. दिवसाचे तिकीट काढून तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसता येते. पुढचा सारा अनुभव समोरचा काठ तीस-चाळीस मीटरवर असतो अशाच पाण्यापुरता समजावा.

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या माशांची जुनी विभागणी अशी, की सामन आणि ट्राउट हे ‘गेम’ आणि कार्प, टेंच, ब्रीम, रोच, पर्च हे बाकीचे ‘कोर्स’ मासे. नद्यांवर या कोर्स माशांची मासेमारी १५ मार्च ते १५ जूनपर्यंत बंद असते. बहुतेक तळ्यांवरची ही बंदी मात्र १९९५ साली उठली, त्यामुळे मार्चमध्ये घेतलेला रॉड मला पुढच्याच आठवड्यात पाण्यावर नेता आला.

त्याआधी माझ्याकडे नदीवर वापरायचा तेरा फुटी रॉड होता. लहान तळ्यावर तो दोन कारणांनी अडचणीचा ठरत असे. बसण्याच्या जागेवर विलोच्या फांद्या वाकलेल्या असल्याने फेकताना त्याचे टोक पानांत अडके. आणि दमलेला मासा जाळ्याजवळ आणताना, रॉडच्या लांबीइतका दोरा बाहेर राहत असल्यामुळे, मासा हाताच्या टप्प्यापलीकडेच घुटमळत राही. दहा फुटी रॉडने हे दोन्ही प्रश्न पहिल्याच दिवशी सुटले. तो मध्यापासून सावकाश वाकतो, त्यामुळे तीन-चार किलोच्या कार्पची अखेरची उसळी रॉडच पचवतो आणि बारीक दोरा तुटत नाही. एवढ्या गुणासाठीही मी तो पुन्हा घेईन.

त्याला मी चपट्या तळाचा, तीस ग्रॅमचा मेथड फीडर लावते, म्हणजे ज्यावर चारा दाबून बसवतात असे वजन. दोन मिलिमीटरच्या पेलेटचे, म्हणजे माशांच्या तयार खाद्याचे, दाणे पाण्यात बुडवायचे, दोन मिनिटांनी पाणी काढून टाकायचे आणि वीस मिनिटे तसेच झाकून ठेवायचे. मग साच्यात आधी आमिष, त्यावर पेलेट, वरून फीडर दाबला की घट्ट वडी पडते. फीडरपासून गळापर्यंतचा दोरा जेमतेम चार इंचांचा असल्याने आमिष वडीच्या माथ्यावरच राहते. सगळी मेख पेलेटच्या ओलेपणात आहे. रव्याचे लाडू वळताना जी पारख लागते तीच इथे लागते: कोरडे राहिले तर पाण्यावर आपटताच वडी फुटते, ओले झाले तर तळाशी गोळा होऊन बसते आणि सुटतच नाही. एप्रिलमधले माझे निम्मे शनिवार याच चुकीत गेले. आता मी काठाशी, डोळ्यांना तळ दिसेल अशा उथळ पाण्यात एक वडी सोडून पाहते. दोन-तीन मिनिटांत ती कडांपासून ढासळू लागली तरच पुढे फेकते.

रॉडसोबत दोन लवचीक टोके आली, एक औंसाचे आणि दीड औंसाचे. मासा लागल्याचे हे टोकच सांगते, पण ते वाचायला मला दोन महिने लागले. फीडरभोवती फिरणाऱ्या माशाचे अंग दोऱ्याला घासले की टोक थरथरते, थोडे वाकते आणि पुन्हा सरळ होते. अशा प्रत्येक हालचालीवर झटका दिला तर गळ माशाच्या अंगात किंवा पंखात रुततो. माझ्या हातून हे दोनदा झाले आणि त्याचे वाईट वाटते. या फीडरवर खरा मासा स्वतःच्याच ओढीने गळाला लागतो. टोक गोल वळते आणि परत येतच नाही, रॉड स्टँडवरून सरकू लागतो. तेव्हा फक्त तो उचलायचा असतो.

मे महिन्यातला एक प्रसंग नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावा. प्रत्येक वेळी एकाच अंतरावर फीडर पडावा म्हणून रिळाच्या कडेला असलेल्या क्लिपमध्ये दोरा अडकवतात. मीही अडकवला होता आणि फेकून झाल्यावर तसाच ठेवला होता. मोठा कार्प सुसाट निघाला, दोरा क्लिपशी येऊन थांबला आणि क्षणात तुटला. फीडर दोऱ्यावर मोकळा सरकणारा होता आणि गळाला उलटा काटा नव्हता, त्यामुळे माशाला ते ओझे वाहत फिरावे लागले नसेल, एवढाच दिलासा. तेव्हापासून फीडर तळाला टेकला की मी दोरा क्लिपमधून काढते आणि अंतराची खूण मार्करने दोऱ्यावरच करते.

रॉडचा एक दोषही सांगितला पाहिजे. जूनच्या अखेरीस टोकाच्या शेवटच्या कडीतले चिनी मातीचे अस्तर निखळले आणि मला ते कळलेच नाही. उघड्या धातूच्या कडेने दोरा खरवडला जाऊ लागला, दोन मासे दोरा तुटून गेले, आणि मी गाठीला दोष देत राहिले. शेवटी कापसाचा बोळा एकेका कडीतून फिरवला तेव्हा शेवटच्या कडीत त्याचे तंतू अडकले. दुकानाने टोक बदलून दिले, पण त्याला तीन आठवडे लागले. या किमतीच्या रॉडमध्ये हे तिसऱ्या महिन्यात व्हायला नको होते. आता जास्तीचे टोक माझ्या पेटीत असते आणि कापसाची तपासणी दर महिन्याला होते. जोडाची पकडही थोडी सैल झाली होती; मेणबत्तीचे मेण चोळल्यावर ती नीट बसली.

माझे आजोबा मालवणकडे खाडीवर गरवायला जात, आणि गरीला लागलेला मासा म्हणजे दुपारचे कालवण हे ठरलेलेच असे. इथे आलेले आपल्याकडचे लोक मला पहिला प्रश्न हाच विचारतात, की मासा घरी का आणत नाही. या तळ्यांवर पकडलेला प्रत्येक मासा परत सोडायचा असतो, आणि तोच मासा वर्षभरात कितीतरी हातांतून जातो. म्हणून ओली चटई, बारीक मऊ विणीचे जाळे आणि भिजवलेले हात यांत मी काटकसर करत नाही. जूनमध्ये एका पहाटे दीड किलोचा टेंच मिळाला. शेवाळी हिरवे अंग, बोटाला जाणवणारही नाहीत इतके बारीक खवले आणि लालसर नारिंगी, मण्यासारखा डोळा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे रोगांपासूनचे संरक्षण असते, आणि कोरड्या हाताने तो पुसला जातो. गळ काढून मी त्याला जाळ्यासकट पाण्यात धरले. तो क्षणभर कल्ले हलवत थांबला आणि मग लव्हाळ्यांच्या मुळांकडे निघून गेला.

ऑगस्टमध्ये या रॉडचा सर्वांत मोठा उपयोग कळला. त्याआधी जुलैच्या उष्म्यात पाण्यातला प्राणवायू घटून मासे वर तोंड काढू लागले, तेव्हा मालकाने चार दिवस तळे बंद ठेवले होते आणि ते योग्यच केले. पुन्हा उघडल्यावर पाहिले, तर सगळे जण समोरच्या काठापर्यंत फेकत होते आणि संध्याकाळी मासे मात्र आपल्याच पायाशी, लव्हाळ्यांच्या कडेला, दोन फूट पाण्यात चरत होते. पाण्यापासून मागे सरकून बसायचे, मूठभर पेलेट सोडायचे, अर्धा तास तिकडे पाहायचेही नाही, आणि मग फीडर न फेकता रॉड पुढे करून अलगद खाली ठेवायचा. आखूड रॉडने हे नेमके जमते. आठ महिन्यांतले माझे सर्वांत मोठे पाच मासे काठापासून दोन मीटरच्या आतले आहेत.

पन्नास मीटरपलीकडे, वाऱ्याविरुद्ध फेकायचे असेल तर हा रॉड अपुरा पडतो. लेस्टरमधून जाणाऱ्या सोअर नदीच्या वाहत्या पाण्यातही मी तो नेणार नाही. तिकिटाबरोबर एन्व्हायरन्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा मासेमारीचा परवानाही जवळ हवा. १३ वर्षांपासून पुढे तो प्रत्येकाला लागतो, आणि तळ्याचे तिकीट काढले म्हणून तो माफ होत नाही.

नोव्हेंबरपासून पाणी गार झाले आहे. कार्पचे पचन मंदावते, त्यामुळे पेलेटची पूर्ण वडी आता त्यांना जास्त होते. सध्या मी एक औंसाचे टोक लावते, लहान फीडरमध्ये चिमूटभर पेलेट भरते आणि गळाला मक्याचा एकच दाणा ठेवते. गेल्या शनिवारी सहा तासांत दोन मासे मिळाले, दोन्ही दुपारी एक ते दोनच्या दरम्यान, उन्हाचा तुकडा पडला होता त्याच जागी.