रात्रीच्या जेवणातला घरचा पाव: यीस्ट की सावरडो?

आमच्या घरी आठवड्यातून दोन रात्री पोळी-भाकरीला सुटी असते. बुधवारी मटकीची उसळ किंवा शेवभाजी असते आणि रविवारी मिसळ. नाशिककर मिसळ सकाळी खातो हे खरे. पण सकाळी केलेला कट रात्रीपर्यंत मुरून अधिक चांगला लागतो, असे आमच्या घरचे मत आहे आणि ते बदलण्याजोगे कारण अद्याप कोणी दिलेले नाही. या दोन रात्रींचा पाव गेली चार वर्षे मी घरी भाजतो. पहिले वर्ष पाकिटातल्या यीस्टवर गेले, त्यानंतर जवळपास दीड वर्ष मी सावरडोचे आंबवण, म्हणजे बरणीत पीठ आणि पाणी आपोआप आंबवून केलेले पावाचे विरजण, सांभाळले आणि आता पुन्हा यीस्टकडे आलो आहे, मात्र पहिल्या वर्षीच्या पद्धतीने नव्हे. ज्यांना कणीक तिंबता येते, ज्यांच्याकडे ओव्हन आहे आणि ज्यांचे आता या दोहोंपैकी काय धरावे एवढ्यावरच अडले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

चवीत सावरडो वरचढ आहे, हे आधीच मान्य करतो. जंगली यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू अशी दोन्ही कुळे त्या बरणीत एकत्र नांदत असल्यामुळे पावाला जो आंबूस, किंचित ताकासारखा स्वाद येतो, तो पाकिटातल्या यीस्टने येत नाही. वरचे कवच खरपूस होते, आतली जाळी ओलसर राहते आणि आम्लामुळे बुरशी उशिरा धरते. माझा सावरडो चौथ्या दिवशीही तव्यावर शेकून आनंदाने खाता येत असे, तर यीस्टचा पहिल्या वर्षीचा पाव दुसऱ्या दिवशी दुपारीच भुसभुशीत होऊ लागे. शिवाय हे काही परदेशातून परवा आलेले खूळ नव्हे. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी माडाच्या सुरेनेच पाव फुगवत, आणि इडलीचे पीठ आंबवणाऱ्या घराला या प्रकाराचे नवल वाटण्याचे कारण नाही.

परंतु पाव नुसता खायचा नसून तो जेवणात कशाबरोबर वाढायचा आहे, हा विचार मी फार उशिरा केला. मिसळीच्या पावाचे काम कट शोषून घेण्याचे आहे. सावरडोचे जाड कवच ते काम मनापासून करत नाही. तुकडा कटात बुडवला तर आतला भाग पटकन भिजतो, कवच मात्र चिवट राहते आणि रस्सा मनगटावर ओघळतो. त्यात मिसळीवर लिंबू पिळलेले असते, म्हणजे आंबटावर आंबट. शेवभाजीचेही जवळपास तसेच. याउलट खानदेशी पद्धतीचे वांग्याचे भरीत शेकलेल्या सावरडोवर पसरून खाल्ले, तेव्हा भाकरीची आठवण झाली नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. ज्यांच्या रात्रीच्या जेवणात सूप, अंडी, भरीत असे पदार्थ अधिक असतात, त्यांनी माझ्या मिसळीच्या तक्रारीकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

पिठाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण घरी पाव भाजणारे बहुतेक जण मैद्यातून लवकरच चक्कीच्या पिठाकडे वळतात. निफाडजवळ कुंदेवाडीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे गव्हावरील संशोधन केंद्र आहे आणि तिथल्या वाणांना त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी अशी आपल्याच परिसरातली नावे दिलेली आहेत. नावावर भाळून मी एकदा ओळखीच्या शेतकऱ्याकडून गोदावरी आणला. हा बन्सी गहू आहे, शेवया आणि रव्यासाठी उत्तम. पण त्याच्या कणकेला पावासाठी लागणारा लवचिक ताण नसतो आणि माझा पाव विटेसारखा बसला. पोळीसाठी आपण आणतो तो साधा लोकवन त्या मानाने बरा. मात्र दगडी चक्कीत दळताना स्टार्च बराच दुखावला जातो, म्हणून ते पीठ पाणी जास्त पिते, आणि त्यातला कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, जाळे कापतो. अशा पिठाचे सावरडो दीर्घकाळ आंबवले की आम्लाने ते जाळे आणखी सैल पडते, आणि वेळ थोडी जरी चुकली तरी कणीक परातीत पसरते. यीस्टची कणीक येथे अधिक क्षमाशील वाटली. हा दोष कदाचित माझ्या हाताचाही असेल. चक्कीच्या निव्वळ कणकेचा देखणा सावरडो भाजणारी माणसे मी पाहिली आहेत.

नाशिकच्या हवेचा मुद्दा दोन्ही पद्धतींना लागू आहे, पण सारखा नाही. डिसेंबर-जानेवारीत येथे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चाळीसच्या आसपास जातो. माझ्या ओट्यावर हिवाळ्यात आंबवण दुप्पट व्हायला बारा तास घेत असे आणि मे महिन्यात चार तासांतच वर येऊन खाली बसत असे. यीस्टमध्येही फरक पडतो, पण तो फ्रिज आणि कोमट पाणी यांच्या आधाराने सहज सावरता येतो. सावरडोमध्ये मात्र आधी आंबवणाची वेळ आणि मग कणकेची वेळ, अशा दोन सरकत्या वेळा जुळवाव्या लागतात.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा निर्णय झाला, तिच्याकडे येतो. ती चव नव्हे, पीठ नव्हे आणि हवाही नव्हे. ती म्हणजे उरलेले आंबवण.

पद्धत सर्वांना ठाऊक आहे: ५० ग्रॅम आंबवण ठेवायचे, त्याला ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घालायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा ५० ग्रॅम ठेवून बाकीचे काढायचे. म्हणजे दररोज १०० ग्रॅम आंबवण बाहेर पडते, आठवड्याला ७०० ग्रॅम. माझ्या दोन पावांना त्यातले २०० ग्रॅम पुरत असे. उरलेले अर्धा किलो दर आठवड्याला काय करायचे, याचे उत्तर पुस्तकी पद्धतीत ‘टाकून द्यावे’ असे आहे. पण ज्या घरात परातीला चिकटलेली कणीकही खरवडून शेवटच्या पोळीला लावली जाते, त्या घरात ते उत्तर उच्चारणेही शक्य नव्हते. आईने पहिल्याच आठवड्यात विचारले, “अरे, विरजणाला चमचाभर दही मागे ठेवतो आपण. तुझ्या या बरणीत मागे राहते त्याहून जास्त वाया कसे जाते?” या प्रश्नाला माझ्याकडे शास्त्रशुद्ध उत्तर होते, समाधानकारक नव्हते.

म्हणून ते वाया घालवायचे नाही असे ठरले आणि त्याची धिरडी होऊ लागली. सोमवारी हिरवी मिरची-कोथिंबीर घालून धिरडी, मंगळवारी त्यातच भाजणी कालवून थालीपीठ, गुरुवारी थोडे बेसन घालून पुन्हा धिरडी. पहिले दोन महिने ते रुचकरही वाटले. त्यानंतर लक्षात आले की संध्याकाळी सातला ‘आज काय करायचे’ हा प्रश्न घरात कोणी विचारतच नाही, कारण त्याचे उत्तर बरणीने आधीच दिलेले असते. पालेभाजी आणलेली असो, कैरी घरात आलेली असो, आंबवण संपवणे अगोदर. माझ्या मुलीने या पदार्थाला ‘तेच’ असे नाव दिले. “बाबा, आज काय, तेच का?” असे ती दप्तर ठेवतानाच विचारत असे आणि पुढे आम्ही सर्वच जण तो शब्द सहजपणे वापरू लागलो. आठवड्यातल्या दोन जेवणांचा पाव चांगला व्हावा म्हणून उरलेली पाच जेवणे आंबट व्हावीत, हा हिशेब मला कुठेतरी उलटा वाटू लागला.

यावर उपाय आहे आणि तो मी केला, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बरणीत केवळ खरवड ठेवायची, ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि पाव करायच्या आदल्या दिवशी लागेल तेवढेच पीठ घालून वाढवायची. या पद्धतीत जवळजवळ काहीच उरत नाही. जे नियमाने दर आठवड्याला भाजतात, त्यांना ती निश्चितच चालेल. आमच्या घरी मात्र नियम टिकत नाही. श्रावणात उपासांचे दिवस वाढतात, नवरात्रात पाव होत नाही, दिवाळीत ओव्हन नानकटाई आणि शंकरपाळ्यांच्या ताब्यात असतो, मध्येच गावी जाणे होते. तीन आठवड्यांनी बरणी काढली की वर करड्या रंगाचे पाणी आणि नाकात जाणारा उग्र वास. त्या आंबवणाला पुन्हा धड उभे करण्यासाठी दोन-तीनदा पीठ-पाणी द्यावे लागते, आणि त्या प्रत्येक वेळी काय बाहेर येते? तेच.

यीस्टचा पक्ष घेताना त्याचे दोष झाकण्याचा माझा हेतू नाही. पहिल्या वर्षी मी ५०० ग्रॅम पिठाला सात-आठ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालत असे, दीड तासात कणीक परातीबाहेर येई आणि पावाला दारूच्या भट्टीसारखा वास येई. शिवाय उघडलेले पाकीट पावसाळ्यातल्या दमट हवेत लवकर मरते आणि ते मेले आहे हे कळते तेव्हा ताटे मांडून झालेली असतात. दुसरा दोष घट्ट झाकणाच्या डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवल्याने गेला. पहिल्या दोषाने मात्र मला सावरडोकडे ढकलले, आणि सावरडोनेच त्यावरचा उपाय शिकवला: यीस्ट कमी आणि वेळ जास्त.

सध्याचे माझे प्रमाण असे आहे: ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम लोकवनाचे चक्कीचे पीठ, साधारण ३४० मिलिलिटर पाणी, नऊ-दहा ग्रॅम मीठ आणि यीस्ट केवळ अर्धा छोटा चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास. मंगळवारी रात्री जेवणे झाली, ओटा पुसून झाला की हे सर्व कालवून, थोडे तिंबून, झाकून फ्रिजमध्ये ठेवतो. कामे आटोपून स्वयंपाकघर रिकामे असते तीच ही वेळ, त्यामुळे कोणाच्या फोडणीच्या मध्ये येणे होत नाही. बुधवारी दुपारी साडेचारला घरातले कोणीतरी भांडे बाहेर काढते, पाचनंतर मी गोळे वळून साच्यात मांडतो, सातच्या सुमारास ते ओव्हनमध्ये जातात आणि साडेआठला उसळीला उकळी येईपर्यंत पाव निवून तुटण्याजोगे होतात. हिवाळ्यात भांडे तासभर आधी काढावे लागते, एवढाच फरक. रात्रभर थंडीत मुरल्यामुळे चव पहिल्या वर्षीपेक्षा पुष्कळ खोल असते. सावरडोइतकी नाही, पण ताटात उसळ असताना ती उणीव मला तरी जाणवत नाही. पाव उरला तर दुसऱ्या दिवशी शेकून चालतो, तिसऱ्या दिवशी फोडणीचा पाव करावा.

आरोग्याच्या दृष्टीने सावरडोला एक गुण अधिक द्यावा लागेल. दीर्घ आंबवण आणि आम्लता यांमुळे पिठातले, खनिजे अडवून धरणारे फायटिक आम्ल विघटित होते आणि खनिजे शरीराला अधिक मिळतात. थंडीत मुरलेल्या यीस्टच्या कणकेत आम्ल कमी असल्याने तो लाभ कमीच असणार. मात्र ‘सावरडो ग्लुटेनच्या रुग्णांना चालतो’ असे कोणी सांगितल्यास कृपया ऐकू नये. गव्हाच्या सावरडोत ग्लुटेन असतेच आणि सिलिअॅकचा विकार असलेल्या व्यक्तीला तो वर्ज्यच आहे. खर्चाचा मुद्दा गौण आहे. यीस्टची डबी मला कित्येक महिने पुरते आणि सावरडोला पीठाखेरीज काही लागत नाही, पण ते पीठ किती लागते हे वर आलेच आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी दोन किंवा तीनच माणसे आहेत, जी नेमाने भाजतात आणि ज्यांना पावच जेवणाचा मुख्य पदार्थ वाटतो, त्यांनी सावरडो अवश्य करून पाहावा. त्यात वावगे काही नाही. ज्या घरी पाव हा रोजच्या स्वयंपाकाचा पाहुणा आहे, ज्यांना बुधवारी उसळ आणि गुरुवारी मेथीची भाजी हवी आहे, त्यांना मी, सौम्यपणे का होईना, यीस्टची डबी आणि फ्रिजमधला खालचा कप्पा सुचवीन.

आमचे आंबवण मी टाकलेले नाही. शेवटच्या दिवशी ते कागदावर पातळ पसरून पंख्याखाली खडखडीत वाळवले, चुरून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले आणि डाळीच्या डब्यांमागे ठेवले आहे. कोमट पाण्यात भिजवून चार दिवस पीठ दिले तर ते पुन्हा जागे होते. थंडीत त्याची भूकही बेताची असते, म्हणून भरताच्या वांग्यांच्या मोसमात, डिसेंबरात, एकदा करून पाहावे असे मनात आहे. घरात अद्याप बोललेलो नाही.