कॉलेज स्कोअरकार्ड : लेकीच्या मास्टर्ससाठी वापरलं, त्याचा अनुभव

माझी कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. लेकीनं मुंबईत बीएएसएलपी केलं, म्हणजे बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या दोषांवरचं शिक्षण. आता तिला त्यातच अमेरिकेत मास्टर्स करायचंय. राजारामपुरीतल्या एका सल्लागाराकडं गेलो. त्यानं लॅमिनेशन केलेला कागद पुढं सरकवला. कॉलेजच्या नावापुढं वर्षाचा पगार डॉलरमध्ये, त्याखाली लाल पेनानं दोन रेघा. "काका, तीन वर्षांत कर्ज फिटतंय बघा." तळाला बारीक अक्षरात कॉलेज स्कोअरकार्ड असं लिहिलेलं. घरी आल्या आल्या लेकीनं तीच साइट उघडली.

साइट अमेरिकेच्या शिक्षण खात्याची आहे, पैसे लागत नाहीत. कम्युनिकेशन डिसऑर्डर्स हा विषय आणि मास्टर्स ही पदवी शोधली की एकेका कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्यांचा मधला पगार आणि मधलं कर्ज दिसतं. मधला पगार मला लगेच उमगला. सौद्यात निघालेले सगळे भाव चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मध्यावर येतो तो. एखाद्या पिवळ्याधमक मालाला चढा भाव लागला म्हणून तो हलत नाही. सरासरी असती तर मी फार धरून चाललो नसतो.

पण लेकीनं माहितीचं पान उघडलं आणि वाचता वाचता थांबली. "आबा, ह्यात माझ्यासारखी पोरगी मोजलेलीच नाही." आकडे फक्त तिथल्या केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत घेतलेल्यांचे. आपली मुलं स्टुडंट व्हिसावर जातात, त्यांना ती मदत मिळत नाही. त्यात जे कमवत नाहीत, ते पगाराच्या हिशेबात धरलेले नाहीत. मी तिला ते दोनदा वाचायला लावलं. सल्लागारानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, आणि आम्ही घर तारण ठेवायला निघालो होतो. तो राग अजून गेलेला नाही.

आणखी एक. एखाद्या पदवीला विद्यार्थी थोडे असतील, तर रकाना रिकामा येतो. म्हणजे कॉलेज वाईट असं नव्हे.

स्पीच थेरपीच्या धंद्यात पैसा नाही असं माझं म्हणणं नाही. तिथल्या कामगार खात्यानं २०२४ साली स्पीच थेरपिस्टचा मधला पगार वर्षाला ९५,४१० डॉलर दिलाय. पण त्यात वीस-वीस वर्षं काम केलेलेही आले. नव्या पोरीला मास्टर्सनंतर आधी किमान ३६ आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम, करावी लागते, तेव्हा कुठं आशा (ASHA) या तिथल्या स्पीच थेरपिस्टांच्या संस्थेचं सर्टिफिकेट. आणि शिक्षण संपल्यावर व्हिसावर कामाची मुभा साधारण १२ महिन्यांची. त्यातले ३६ आठवडे तिथंच गेले. पुढं वर्क व्हिसा देणारा मालक मिळाला तर पगाराचा प्रश्न.

साइटला मी पाचपैकी चार देतो. या कॉलेजची त्या कॉलेजशी तुलना करायला इतकी स्वच्छ सोय दुसरीकडं मला मिळाली नाही. कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मात्र साइटच्या आकड्यांवर बसवू नका. लेकीनं पाच विभागांना सरळ मेल टाकले : तुमच्याकडच्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना फेलोशिप मिळाली? दोघांनी आकड्यासकट उत्तर दिलं. अर्ज त्या दोन ठिकाणीच भरतोय.