रंगाआड लपवलेला पोचा

वडिलांनी घेतलेल्या आमच्या १९७४ च्या प्रीमिअर पद्मिनीला, जिला आमच्या घरात सगळे फियाटच म्हणत आले, गेल्या वर्षी जानेवारीत सोसायटीच्या फाटकाशी रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोची धडक बसली. पुढचे डावे मडगार्ड, म्हणजे गॅरेजवाले ज्याला फेंडर म्हणतात ते, दिव्याच्या मागे खोलवर आत गेले. गाडी चालत होती, परंतु ते रूप पाहवत नव्हते. त्यातच पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली सुरू झालेल्या ‘व्हीए’ मालिकेत तिची नोंदणी करण्याचा माझा विचार होता. त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट असल्यामुळे मूळ पत्रा जपणे मला फार महत्त्वाचे वाटत होते.

जुन्या गाड्यांचे काम करतो असे सांगणाऱ्या एका गॅरेजमालकाला मी हे सर्व स्पष्ट सांगितले. पत्रा आतून ठोकून सरळ करू, लांबी, म्हणजे खड्डे भरण्याची पुटी, फक्त नावापुरती लावू, असे आश्वासन त्याने दिले. एकूण ३८,००० रुपये ठरले आणि त्यांपैकी २५,००० मी आगाऊ रोख दिले. पावती म्हणून ‘डेंटिंग-पेंटिंग’ एवढे दोनच शब्द लिहिलेला एक साधा कागद मिळाला, त्यावर ना जीएसटी क्रमांक होता ना कामाचा तपशील, आणि मी तो निमूटपणे खिशात ठेवला.

दहाव्या दिवशी त्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. रंग पूर्ण उतरवलेले, चकचकीत आणि एकसारख्या गोलाईचे डावे मडगार्ड त्यात दिसत होते. तो पाहून मी समाधानाने उरलेले पैसे पाठवून दिले. प्रत्यक्ष गॅरेजमध्ये जाऊन उघडा पत्रा मी पाहिला नाही, आणि पुढचे सारे नुकसान त्यातून झाले.

गाडी आली तेव्हा रंग उत्तम होता. जुलैच्या अखेरीस मात्र दिव्याच्या मागे मसुराएवढे दोन-तीन फोड दिसले, आणि गणपतीपर्यंत त्यांच्यामधून केसासारखी बारीक तडा गेली. मग मी एका वयस्कर डेंटरकडे गेलो. त्यांनी फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक मडगार्डवरून फिरवला. दाराकडच्या भागावर तो चिकटत होता आणि दिव्याच्या मागे आला की सुटून पडत होता. बोटाने टिचकी मारली तर एकीकडे खणखणीत आवाज आणि दुसरीकडे दगडासारखा ठप्प आवाज येत होता.

माझ्यासमोर त्यांनी तो भाग खरवडला. सर्वांत खोल ठिकाणी लांबीचा थर ९ मिलिमीटर निघाला. एरवी चांगला कारागीर पत्रा सरळ झाल्यावर उरलेली उंचसखलता झाकण्यासाठी दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा जास्त लांबी लावत नाही. पोचा बाहेर ओढण्यासाठी पत्र्याला अकरा भोके पाडली होती, तो अर्धवट ओढून सोडून दिला होता आणि एकही भोक वेल्डिंगने बुजवलेले नव्हते. पावसात चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल मडगार्डच्या आतल्या बाजूवर बसत राहतो. तेच पाणी भोकांतून लांबीत शिरले, लांबीने ते धरून ठेवले आणि तिच्याखालचा पत्रा गंजू लागला. फोड वरून दिसले तेव्हा आत बरेच काही होऊन गेले होते.

मग तो फोटो कोणाचा होता? आमच्या मडगार्डवर वडिलांनी रेडिओच्या एरियलसाठी पाडून घेतलेले एक भोक आहे, आणि गाडी परत आली तेव्हा एरियल त्याच जागी होती. फोटोतल्या मडगार्डवर ते भोकच नव्हते. तो दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा पत्रा होता, आणि सहा महिने मोबाइलमध्ये असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. वडिलांची आठवण ज्या खुणेत आहे, तीच खूण मी नीट पाहिली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून विनंती अशी की, प्रायमर मारण्याआधी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहावा, चाकाच्या बाजूने आत हात घालून पत्र्याची गोलाई चाचपावी आणि तोपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये. फोटो मागवलाच तर गाडीचा नंबर आणि दुरुस्तीची जागा एकाच चौकटीत हवी. बिलात पत्र्याचे काम आणि रंगकाम वेगळे लिहून घ्यावे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असते, परंतु माझ्या हातात तो दोन शब्दांचा कागद, पैसे पाठवल्याची नोंद आणि परक्या गाडीचा फोटो एवढेच आहे. त्यांच्या आधारे मी नोटीस पाठवली आहे, उत्तर आलेले नाही.

मडगार्ड सध्या त्या वयस्कर डेंटरांकडे आहे. आतला चिखल काढून, ताणलेला पत्रा गॅसने तापवून आणि ओल्या फडक्याने थंड करून ते तो हळूहळू आकसवत आहेत. भोके बुजली आहेत. वडिलांचे भोक मात्र तसेच ठेवायला मी सांगितले आहे, आणि परवा उघड्या पत्र्यावर त्याची कड बोटाने चाचपून आलो.