दुहेरी ऑप्शनल: थेट ‘ॲज?’ की थर उलगडून पाहणं?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या भावांचं ॲप स्विफ्टमध्ये, म्हणजे ॲपलच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहिताय असं समजा. डिक्शनरी म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्या. इथे की म्हणजे गावाचं नाव, व्हॅल्यू ‘एनी?’ प्रकारची, म्हणजे ऑप्शनल: कुठल्याही प्रकारची व्हॅल्यू असेल किंवा काहीच नसेल (‘निल’). ‘कागल’चा भाव मागितला की हाती येतं ‘एनी??’, म्हणजे दुहेरी ऑप्शनल. बाहेरचा थर सांगतो गावाची नोंद आहे का. आतला सांगतो त्या दिवशी सौदा निघाला का.

‘ॲज? इंट’, म्हणजे व्हॅल्यू पूर्णांक म्हणून घेऊन पाहणं (कास्ट), दोन्ही थर एका दमात ओलांडतं. स्क्रीनवर नुसता आकडा दाखवायचा असेल तर तेवढं पुरे. पण नोंदच नाही, सौदा निघाला नाही, किंवा भाव स्ट्रिंग (मजकूर) म्हणून आला, तिन्ही वेळा उत्तर ‘निल’च. तिसरा प्रकार सर्वांत वाईट: भाव आलेला असतो, तरी शेतकऱ्याला रिकामी जागा दिसते. सक्तीने कास्ट करणारं ‘ॲज!’ तर तिन्ही वेळा ॲप बंद पाडतं.

दुसरा मार्ग एकेक शक्यता वेगळी तपासणाऱ्या ‘स्विच’चा: आधी ‘नन’ (बाहेरचा थर रिकामा), मग ‘सम’मधला ‘निल’ (बाहेरचा भरलेला, आतला रिकामा), शेवटी खरी व्हॅल्यू, आणि तिच्यावरच कास्ट. चार ओळी वाढतात, पण चूक नेमकी कुठे ते कळतं. इथे ऑप्शनल उघडणाऱ्या ‘इफ लेट’वर विसंबू नका, ते एकच थर काढतं.

डिक्शनरी भरतानाही जपा. सबस्क्रिप्टने (चौकोनी कंसात की लिहून) ‘निल’ दिलं की कीच उडते. ‘सौदा नाही’ अशी नोंद ठेवायला ‘अपडेटव्हॅल्यू’ वापरा. भावाच्या हिशेबाला आम्ही ‘स्विच’च घेऊ.

चूक झाली तर ‘निल’ देणाऱ्या ‘ट्राय?’चा दुहेरी थर मात्र स्विफ्ट ५ पासून, म्हणजे २०१९ पासून, आपोआप एकेरी होतो.