हमीभावाच्या अळिंबीत गेलेले १,१२,००० रुपये

माध्यमिक शाळेत २९ वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने अळिंबीच्या (मशरूमच्या), म्हणजे बुरशीच्याच व्यवहारात फसावे, हे सांगताना संकोच वाटतो. तरीही लिहीत आहे, कारण मला फसवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने बुरशीविषयी जवळजवळ काहीच खोटे सांगितले नव्हते आणि नेमका त्यामुळेच मी फसलो.

आमचे घर बार्शी तालुक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका मंगल कार्यालयात ‘औषधी अळिंबी’ या विषयावर मोफत मेळावा झाला. पडद्यावर एकामागून एक चित्रे येत होती. १९२८ साली फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले ते बुरशीतून. अवयवरोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन मूळचे बुरशीचेच. कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिन धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीत निसर्गतःच असते. जपानमध्ये कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपीच्या जोडीला एका अळिंबीचा अर्क देत असत. काडातले लिग्निन हे चिवट द्रव्य सहजासहजी कुजत नाही, पण धिंगरी ते मोडू शकते. त्यामुळे जे काड शेतकरी जाळून टाकतो त्यावर अन्न पिकते आणि उरलेल्या भुश्शाचे खत होते. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि त्यातली बरीचशी मी वर्गात फळ्यावर लिहिलेली आहेत. मी मान डोलवत होतो, आणि माझ्याकडे पाहून मागच्या रांगेतला माझा एक माजी विद्यार्थीही मान डोलवत होता. हे मला नंतर कळले.

या खऱ्या वाक्यांच्या ओळीत शेवटी दोन वाक्ये अलगद बसवलेली होती. औषध कंपन्या वाळवलेली धिंगरी किलोला १,५०० रुपये दराने घेतात हे एक, आणि एका पिशवीतून तीन किलो ताजी अळिंबी निघते हे दुसरे. काडात बी भरलेली तयार पिशवी २८० रुपयांना होती आणि पिकलेला माल त्याच भावाने परत घेण्याची हमी कंपनी देत होती. मी ४०० पिशव्यांचे १,१२,००० रुपये निवृत्तीच्या पैशातून भरले. त्यांच्या हिशेबाने १,२०० किलो ताजी, म्हणजे १२० किलो वाळलेली अळिंबी आणि दोन महिन्यांत १,८०,००० रुपये मिळायचे होते.

आता वही घेऊन बसलो की स्वतःचाच राग येतो. पिशवीत कोरडे काड साधारण एक किलो होते. एक किलो कोरड्या काडातून चांगल्या व्यवस्थेत ६०० ते ८०० ग्रॅम ताजी धिंगरी मिळाली तरी उत्पादन समाधानकारक समजावे. तिचे सुमारे ९० टक्के वजन पाण्याचे असते, म्हणून दहा किलो वाळवल्यावर हाती एक किलोच उरते. पिशवीमागे ७०० ग्रॅम धरले, तर ४०० पिशव्यांची वाळलेली अळिंबी २८ किलो आणि तिचे पैसे ४२,००० रुपये. म्हणजे कंपनीने शेवटच्या ग्रॅमपर्यंत प्रामाणिकपणे खरेदी केली असती तरी मी ७०,००० रुपयांनी बुडणारच होतो. तिचा धंदा अळिंबीचा नव्हता, पिशव्या विकण्याचा होता. पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः काही पिशव्या भरल्या. काड, बी आणि प्लॅस्टिक धरून एकीला ४० रुपयेही लागले नाहीत.

दुसरी गोष्ट मला ठाऊक असूनही सुचली नाही. लोव्हास्टॅटिन गोळ्यांसाठी कोणी धिंगरी वाळवून त्यातून काढत बसत नाही. ते अ‍ॅस्परजिलस टेरियस नावाची बुरशी बंद टाक्यांत वाढवून मिळवतात. पेनिसिलिनचेही तसेच. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा धडा शिकवताना त्या टाक्यांचे चित्र मी दर वर्षी काढून दाखवत असे. पत्र्याच्या शेडमध्ये वाढवून गच्चीवर वाळवलेल्या मालाचे औषध कंपनी काय करणार, हा एकच प्रश्न त्या मंगल कार्यालयात उभे राहून विचारायला हवा होता.

पिशव्या जानेवारीऐवजी फेब्रुवारीच्या अखेरीस आल्या. धिंगरीला साधारण २० ते २८ अंश तापमान आणि हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. आमच्याकडे मार्चमध्ये गोणपाट दिवसातून चार वेळा भिजवूनही शेड तापायची. तिसरा हिस्सा पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली. ती ट्रायकोडर्मा होती. पिकांच्या मर रोगावर आपण जिची पाकिटे विकत आणतो तीच, पण अळिंबीच्या पिशवीत ती शत्रू असते. प्रतिनिधीने तो दोष माझ्या स्वच्छतेवर ढकलला.

पहिला चार किलोचा माल मात्र त्यांनी तत्परतेने उचलला आणि दोन दिवसांत ६,००० रुपये खात्यात जमा केले. फसवणुकीचे सर्वांत महागडे हत्यार हे ६,००० रुपये होते. मी तो संदेश नातेवाइकांना दाखवला. माझ्या साडूंनी आणि त्या माजी विद्यार्थ्याने पुढच्याच आठवड्यात पैसे भरले. साडू मला कधी बोलले नाहीत, त्यामुळे ते जास्त लागते.

नंतरचा माल आधी ओलाव्याच्या कारणाने परत आला, मग रंगाच्या कारणाने, मग फोन लागेना. तेव्हा करारनामा नीट वाचला. ‘गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील’ असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. ओलाव्याची मर्यादा, तपासणीची जागा, नाकारलेल्या मालाचे काय करायचे, यापैकी एकही गोष्ट लिहिलेली नव्हती. पोलिसांकडे अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगाबाबत वकिलांनी सांगितले की २०१९ च्या कायद्यानुसार व्यापारासाठी वस्तू घेणारा सहसा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही, अपवाद फक्त स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याचा. मी निवृत्तिवेतनधारक असल्याने माझी बाजू अवघड, विद्यार्थ्याची बरी. त्याची तक्रार आम्ही आधी दाखल केली.

ज्यांना ही शेती खरोखर करायची आहे, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी केंद्रात चौकशी करावी. हिमाचल प्रदेशातील सोलनचे अळिंबी संशोधन संचालनालयही प्रशिक्षण देते. आपल्या तालुक्यात ताजा माल कोण, किती आणि कोणत्या भावाने घेतो हे बाजारात उभे राहून पाहावे, कारण ताज्या धिंगरीचे आयुष्य दोन-तीन दिवसांचे असते.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातला एक तरुण त्याच धाटणीचे पत्रक घेऊन आला. या वेळी धिंगरी नव्हे, ‘कीडाजडी’. पत्रकात भाव दिला होता तो हिमालयात उंचावर, सुरवंटाच्या शरीरातून उगवणाऱ्या रानटी बुरशीचा. प्रयोगशाळा उभारून देणार होते ती तांदळावर बरणीत वाढणाऱ्या नारिंगी कॉर्डिसेप्स मिलिटॅरिसची, जी वेगळीच जात आहे. मी त्याला दोन्हींची चित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवली आणि माझा करारनामा वाचायला दिला. तो वाचून त्याने विचारले, “पण सर, तुम्हाला पहिले पैसे तर मिळाले होते ना?”