लेकीचा ब्रश कोकणाकडे वळला तेव्हा...

कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळच्या एका हॉलात मुलांची ‘पाणी आणि समुद्र’ चित्रकार्यशाळा होती. रविवारी लेकीला घेऊन गेले. सुरू व्हायला अर्धा तास उशीर, ते सोडा.

जमिनीवर लांबलचक कागद अंथरलेला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या निळ्या रंगात काढत मुलं त्यांच्या संगमावर, प्रयाग चिखलीला आली, तिथून पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत सोडली. आता समुद्र! पोरीनं ब्रश सरळ रत्नागिरीकडे ओढला. शिकवणाऱ्या ताई हसल्या, “अगं, घाट मध्ये आहे की!” मग रेघ कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागरापर्यंत. जवळचा समुद्र सोडून आपलं पाणी एवढं लांब जातं, हे खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात नव्हतं.

लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ घालून समुद्राची चव दाखवली. सगळ्यांची तोंडं वाकडी. ओल्या निळ्या रंगावर खडेमीठ भुरभुरलं, की प्रत्येक खड्याभोवती पांढुरकी चांदणी उमटते. ते चित्र आता आमच्या फ्रिजवर आहे.

एकच खटकलं. शेवटी ब्रश धुतलेलं बादलीभर पाणी मागच्या गटारात ओतलं. लेक मोठ्यानं म्हणाली, “आई, हे पण नदीतच जाणार ना?” ताई ओशाळल्या. तरी पुढच्या वेळी भाच्यालाही नेणार.