सोबत पक्की, कागद कच्चा : एका सखी केंद्राविषयी

केंद्र सरकारच्या महिला सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून २०१५ साली सुरू झालेल्या ‘सखी वन स्टॉप सेंटर’ योजनेचे एक केंद्र आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. घरात किंवा घराबाहेर हिंसाचार सोसलेल्या स्त्रीला दवाखाना, पोलीस, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि तात्पुरता निवारा यांसाठी वेगवेगळे उंबरठे झिजवावे लागू नयेत, ही सारी मदत एका जागी आणि विनामूल्य मिळावी, असा या योजनेचा हेतू आहे. माझ्या ओळखीतील एका विवाहित स्त्रीची सोबत म्हणून मी या केंद्रात बराच काळ जात-येत होते. हा अभिप्राय तिच्या संमतीने लिहीत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील आणि केंद्राचे ठिकाण मुद्दाम वगळले आहे, कारण येथे ज्या उणिवा दिसल्या त्या या एकाच केंद्राच्या असतील असे मला वाटत नाही.

प्रथम चांगले सांगते, कारण ते खरोखरच चांगले आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केल्यानंतर तिला केंद्राचा पत्ता मिळाला आणि रात्री उशिरा पोहोचूनही दार उघडे होते. ड्यूटीवरच्या केस वर्करने (आलेल्या स्त्रीचे प्रकरण हाताळणाऱ्या कर्मचारी बाईने) आधी आधार कार्ड मागितले नाही, ‘नेमके काय झाले ते सांगा’ म्हणून कागद-पेन घेऊन ती समोर बसलीही नाही, आधी पाणी दिले, लेकराला बिस्किटे दिली आणि जखमा पाहून म्हणाली, “ताई, आधी दवाखान्यात जाऊन येऊ, बाकीचं नंतर बोलू.” केंद्र शासकीय रुग्णालयाच्या आवारातच असल्यामुळे हे सहज झाले. अपघात विभागात तिचा दीर पाठोपाठ येऊन ‘जिन्यावरून पडली’ असे डॉक्टरांना सांगू लागला, तेव्हा केस वर्करने त्याला शांतपणे बाहेर जायला सांगितले आणि रुग्णाचे म्हणणे रुग्णाच्याच तोंडून ऐकण्याचा आग्रह धरला. त्यामुळे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत मारहाण, कोणी केली, कशाने केली, हे सारे आले. पुढे न्यायालयात उपयोगी पडलेला सर्वांत भक्कम कागद हाच ठरला, आणि तो त्या रात्री त्या एका बाईच्या खंबीरपणामुळे तयार झाला.

निवाऱ्याची खोली साधी पण स्वच्छ आहे. योजनेप्रमाणे पाच दिवसांपर्यंत राहता येते, मुलांना सोबत ठेवता येते, त्यापुढे गरज असेल तर शक्ती सदनात किंवा अन्य आश्रयगृहात पाठवले जाते. जेवण बाहेरून येते आणि ते वेळेवर येईलच असे नाही. प्रिंटर अनेकदा बंद असतो, तेव्हा झेरॉक्ससाठी रस्ता ओलांडून जावे लागते. कर्मचारी कंत्राटी असून त्यांचे मानधन रखडत असल्याचे त्यांच्याच बोलण्यातून कळले. दुसऱ्यांना त्यांच्या हक्कांची माहिती देण्यासाठी नेमलेल्या बायकांनी स्वतःच्या पगारासाठी अर्ज करीत बसावे, हे शासनाला शोभणारे नाही.

माझी पहिली गंभीर तक्रार समुपदेशनाविषयी आहे. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाने विचारलेला पहिला प्रश्न होता, “तुम्हाला नांदायचं आहे ना?” या प्रश्नाला आपल्याकडे दोनच उत्तरे मानली जातात : होय म्हटले तर नवऱ्याला बोलावून समेट घडवायचा, नाही म्हटले तर सोडचिठ्ठीच्या वाटेला लागायचे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम हा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो नेमका या दोन उत्तरांच्या पलीकडचे उत्तर देण्यासाठी केलेला आहे. स्त्रीने घटस्फोट मागण्याची गरज नाही, घर सोडण्याची गरज नाही, आणि मार खात नांदण्याचीही गरज नाही. त्याच घरात राहून ती संरक्षणाचा आदेश, राहण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई मागू शकते. कलम १८ ते २२ मध्ये हे सर्व क्रमाने दिलेले आहे. समुपदेशनाचा उल्लेखही कायद्यात आहे, पण तो कलम १४ मध्ये, म्हणजे प्रकरण न्यायालयात गेल्यावर दंडाधिकारी सांगतील तेव्हाचा. अर्ज घेण्याआधी चार बैठका झाल्याच पाहिजेत, अशी अट कायद्यात कुठेही नाही. तरीही ‘आधी दोघांना एकदा समोरासमोर बसवू’ असे म्हणण्यात आठवडे गेले, आणि ज्याच्या भीतीने ती रात्री घराबाहेर पडली त्याच्याच समोर तिला खुर्ची देण्यात आली.

समेट करूच नये असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ स्त्रियांना परत जायचे असते. त्यांची कारणे त्यांना ठाऊक असतात आणि ती आपण तपासू नयेत. परंतु परत जाण्यापूर्वी सुरक्षेचा आराखडा लिहून झाला पाहिजे, आणि कायद्याच्या नियमांत त्यासाठी पाचव्या क्रमांकाचा नमुनाच दिलेला आहे. हिंसा कधी वाढते, मुलांना कुठे ठेवता येईल, कागदपत्रे कुणाकडे द्यावीत, हे त्यात बाईशी बोलून भरायचे असते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. सार्वजनिक रुग्णालयातच असे केंद्र चालवण्याचा देशातला हा पहिला प्रयत्न. तेथील समुपदेशनाचा पाया असा आहे की हिंसेची जबाबदारी हिंसा करणाऱ्याची असते आणि बाईची सुरक्षितता ही पहिली गोष्ट. आमच्या केंद्राला नव्याने काही शोधून काढायचे नव्हते. राज्यातच उभा असलेला हा नमुना पाहून यायचे होते.

दुसरी तक्रार अधिक मोठी आहे, आणि केंद्राच्या मूल्यमापनात मी तिलाच सर्वाधिक वजन देते. ती आहे कौटुंबिक घटना अहवालाविषयी, ज्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात. नियमांतील पहिल्या नमुन्यात हा अहवाल भरला जातो. संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी शासनाने नेमलेला अधिकारी) किंवा नोंदणीकृत सेवा देणारी संस्था तो भरून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवते. नमुन्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक हिंसेचे स्वतंत्र रकाने आहेत, हुंड्यासाठी झालेल्या छळाचा वेगळा रकाना आहे, स्त्रीधनाची यादी आणि वैद्यकीय दाखले जोडण्याची सोय आहे, आणि कोणकोणते आदेश हवेत तेही नोंदवायचे असते. आमच्या केंद्रात भरल्या गेलेल्या अहवालात शारीरिक हिंसेचा रकाना पानभर होता. लैंगिक हिंसेचा रकाना कोरा होता. आर्थिक हिंसेपुढे ‘खर्चाला पैसे देत नाही’ एवढेच वाक्य होते, जेव्हा की तिचे दागिने गहाण टाकलेले होते आणि तिच्या पगाराचे एटीएम कार्ड लग्नापासून सासूकडे होते. स्त्रीधनाची यादी जोडलेलीच नव्हती.

लैंगिक हिंसेचा रकाना कोरा राहण्याचे कारण मी विचारले तेव्हा ‘नवरा-बायकोतलं आहे, ते कसं लिहायचं’ असे उत्तर मिळाले. येथे एक कायदेशीर गैरसमज काम करीत असतो. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीने केलेली बळजबरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेली आहे, हे खरे. परंतु २००५ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये लैंगिक छळ हा कौटुंबिक हिंसाचाराचा प्रकार म्हणून स्पष्टपणे दिलेला आहे आणि त्यात पतीचा अपवाद केलेला नाही. फौजदारी कायद्याने ज्या दाराला कडी घातली आहे, त्याच्या शेजारचे दार या कायद्याने उघडे ठेवले आहे. ते उघडे आहे हे बाईला सांगणे हेच केंद्राचे काम, आणि नेमके तेच संकोचापायी राहून गेले. तिने पुढे वकिलांजवळ जे सांगितले ते तिने केंद्रातही सांगितले असते. फक्त विचारणाऱ्याने मान खाली घातली नसती तर.

राहण्याच्या हक्काबाबतही असाच प्रकार झाला. घर सासूच्या नावावर आहे म्हणून तुमचा तेथे अधिकार नाही, असे तिला केंद्रातच सांगण्यात आले. एकेकाळी हे म्हणणे न्यायनिवाड्याला धरून होते. मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधीचा दृष्टिकोन बदलला आणि सामायिक घर, म्हणजे जेथे राहण्याचा हक्क हा कायदा स्त्रीला देतो ते घर, हे पतीच्या मालकीचे किंवा त्याचा वाटा असलेलेच असले पाहिजे असे नाही, सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही त्यात येऊ शकते, असे ठरवले. हा हक्क मालकीचा नव्हे आणि तो अमर्यादही नाही. पण कायद्याची रीत सोडून तिला घराबाहेर काढता येत नाही. हा बदल केंद्रापर्यंत पोहोचू नये, याचा दोष मी तेथील कर्मचारी मुलींना देत नाही. त्यांना प्रशिक्षण कधी आणि कोणी दिले, हे खरे विचारायला हवे.

तेथून पुढचा मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामुळे सुकर झाला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट नोकरी करणाऱ्या बायकांना बहुधा ठाऊक नसते. नेमून दिलेल्या वकीलबाईंनी अहवालावर विसंबून न राहता अर्ज नव्याने लिहिला, सोबत तिसऱ्या नमुन्यातील प्रतिज्ञापत्र जोडले आणि कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापूर्वीचा तात्पुरता, आदेश मागितला. अहवाल नसला तरी पीडितेचा अर्ज चालू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे, त्यामुळे कच्चा अहवाल फार आड आला नाही. परंतु प्रत्येकीच्या वाट्याला अशी वकील येईल असे समजणे भोळेपणाचे होईल. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायद्यात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात अंतरिम आदेशालाच काही महिने लागले. तो आल्यानंतर मात्र केंद्राने पुन्हा आपले उजवे अंग दाखवले. नवऱ्याने आदेश मोडून कामाच्या ठिकाणी येऊन धमकावले, तेव्हा केस वर्कर स्वतः तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेली आणि संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१ खाली एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे ठाणे अंमलदाराला पान उघडून दाखवले.

बलात्कारपीडित स्त्रियांसाठी केंद्र काय करते, हे मला प्रत्यक्ष पाहण्याचे कारण नव्हते आणि नसावेच. पण चौकशी केली असता उत्तरे नेमकी आणि बिनचूक मिळाली. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, तक्रार द्यायची की नाही हे ठरण्याआधीही उपचार मोफत मिळालेच पाहिजेत, एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि ‘दोन बोटांची चाचणी’ (पीडितेच्या योनीची बोटांनी केली जाणारी तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने निषिद्ध ठरवली आहे, हे सारे केस वर्करला तोंडपाठ होते. भिंतीवरच्या फलकावर मात्र पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेची जुनीच तीन लाखांची कमाल मर्यादा रंगवलेली आहे. ती पुढे दहा लाखांपर्यंत वाढवली गेली, आणि अर्ज आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो.

संरक्षण अधिकाऱ्यांविषयी वेगळे लिहावे इतके त्यांचे दर्शन घडले नाही. एका अधिकाऱ्याकडे अनेक कामांचा अतिरिक्त कार्यभार असला की दुसरे काही होणे शक्य नसते. जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्येही राज्यांना बजावावे लागले, यावरून कायदा लागू होऊन इतकी वर्षे झाल्यावरची स्थिती कळते.

या केंद्रात जाणाऱ्या स्त्रियांना माझे सांगणे असे की धोका असेल तेव्हा वेळ-वार पाहू नये. १८१ किंवा पोलिसांचा ११२ लावावा आणि थेट जावे, रात्रीही घेतात. अहवाल भरायचा असेल तेव्हा मात्र कायदेशीर सल्लागार येण्याचा दिवस फोनवर विचारून घ्यावा, कारण आमच्याकडच्या सल्लागार आठवड्यातून दोनच दिवस येतात. हक्कांची माहिती देणारा चौथा नमुना मागून घ्यावा. तो देणे त्यांचे कर्तव्य आहे. दागिन्यांची आणि वस्तूंची यादी, पावत्या नसल्या तरी, लग्नातल्या फोटोंवरून घरूनच लिहून न्यावी. सध्या माहेरी राहत असाल तर अर्ज माहेरच्या न्यायालयातही करता येतो, सासरच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. आणि अहवालावर सही करण्यापूर्वी तो सगळा वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवण्यास सांगावे, कोरा रकाना दिसला तर तो का कोरा आहे ते विचारावे आणि सही झाल्यावर प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नये; झेरॉक्सचे दुकान आवारासमोरच आहे आणि रात्री नऊपर्यंत उघडे असते.